दुकानातल्या कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकाचा मेल उघडा राहिला. कुकीज, प्रोफाइल, गेस्ट मोड, नक्की काय लावायचं?

झेरॉक्सवाला_इंदूर
मंगळवार, रात्री 11:20

नमस्कार मंडळी. मी राहायला रामबागेत आणि दुकान भंवरकुआंला, झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं काम. ज्यांना भंवरकुआं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, इथे कोचिंगच कोचिंग आहेत, एमपीपीएससीचं (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचं) ऑफिस पण इंदूरलाच, त्यामुळे खरगोन, बडवानी, धार, झाबुआ कुठकुठची मुलं इथे खोल्या घेऊन राहतात. बऱ्याच जणांकडे लॅपटॉप नसतो, फोनवर होईल तेवढं करतात आणि फोटोची साइज कमी करायला, पीडीएफ काढायला, प्रिंट घ्यायला आमच्याकडे येतात. दोन कॉम्प्युटर आहेत, एक माझा आणि एक गिऱ्हाइकांचा, पण फॉर्मची शेवटची तारीख आली की गर्दीत कोणाला कुठे बसवलं याचा पत्ता राहत नाही.

शनिवारी एक मुलगी आली, तिच्या मेलवर मार्कशीट होती, ती उघडली, प्रिंट घेतली, पैसे दिले आणि गेली. टॅब तिने बंद केला होता, मी स्वतः बघितलं, म्हणून निर्धास्त होतो. वीस एक मिनिटांनी दुसरा मुलगा बसला, त्याने मेलची साइट उघडली तर थेट तिचा इनबॉक्स. मुलगा चांगल्या घरचा, हातही न लावता मला म्हणाला, "भैया, ये किसी का खुला रह गया." मी लगेच लॉगआउट केलं. पण वरच्या दोन ओळीतच तिच्या हॉस्टेलचं नाव आणि फीची पावती दिसत होती. माझी मुलगी अकरावीला आहे. दुसरा कोणी तिथे बसला असता तर काय झालं असतं या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही.

रविवारी दुकान बंद असतं, मुद्दाम जाऊन दोन्ही कॉम्प्युटरवर कंट्रोल शिफ्ट डिलीट दाबलं, ऑल टाइम निवडलं, हिस्टरी, कुकीज, कॅश तिन्हीवर टिक आणि क्लिअर. सोमवारी सकाळी आठला शटर उघडलं तर माझीच सगळी लॉगिन गेलेली. बँकेची साइट म्हणते हा नवीन कॉम्प्युटर आहे, ओटीपी टाका, आणि ओटीपी जातो बाबांच्या फोनवर, बाबा उज्जैनला आत्याकडे, फोन सायलेंटवर. त्याहून वाईट म्हणजे बिलाची जी वेबसाइट वापरतो तिच्यात दोन दिवसांच्या उधारीच्या नोंदी होत्या, नेट नव्हतं म्हणून त्या वर गेल्याच नव्हत्या, ब्राउझरमधेच होत्या, त्या पण साफ.

आणि एवढं करून खरं घाबरवणारं पुढेच होतं. सेव्ह झालेल्या पासवर्डची यादी उघडली तर 63 नावं! मी एकही पासवर्ड उघडून बघितला नाही पण यादीत लोकांचे मेल आयडी समोर दिसतात. आणि कुठल्याही फॉर्ममधे मोबाइल नंबरच्या खान्यात क्लिक केलं की खाली जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर उघडतात, हे तर मी रोज बघत होतो आणि कधी डोक्यातच आलं नाही की हे दुसऱ्यालाही दिसतंय.

तर विचारायचं हे की माझ्या कामाच्या कुकीज ठेवून फक्त गिऱ्हाइकांच्या जातील असं काही करता येतं का, इन्कॉग्निटो (हिस्टरी न ठेवणारी खिडकी) लावून दिलं तर पुरतं का, का प्रोफाइल वेगळं करू? लोक विश्वासाने आधार, मार्कशीट, सगळं आपल्या हातात देतात. मला हे नीट करायचंय, वेळ लागला तरी चालेल.


सुपर_कॉरिडॉर
बुधवार, सकाळी 7:45

दादा, मी पण इंदूरचाच, सुपर कॉरिडॉरला आयटीत आहे. तुमच्या पोस्टमधे चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात, त्या सुट्या केल्याशिवाय उपाय बसणार नाही, म्हणून थोडं मोठं लिहितो.

कुकी म्हणजे काय हे आपल्या खजराना गणपतीच्या चप्पल स्टँडवरून बघा. तुम्ही चपला दिल्या, त्याने टोकन दिलं. परत आल्यावर तो तुमचा चेहरा बघत नाही, टोकन बघतो आणि चपला देतो. तुम्ही लॉगिन केलं की साइट ब्राउझरला असंच एक टोकन देते आणि पुढे प्रत्येक क्लिकला ब्राउझर ते दाखवत राहतो, म्हणून दर पानावर पासवर्ड मागत नाहीत. 1994 मधे नेटस्केप या ब्राउझर कंपनीतल्या लू माँटुलीने हे काढलं, कारण वेबला मुळात आधीचं काही आठवतच नाही, दर क्लिकला तुम्ही नवीन माणूस.

आता त्या मुलीने काय केलं? टॅब बंद केला म्हणजे ती निघून गेली पण टोकन तुमच्या टेबलावर राहिलं. नंतर आलेल्या मुलाच्या हाताला ते लागलं आणि साइटने त्याला तिच्या चपला दिल्या, साइटची काही चूक नाही यात. लॉगआउट म्हणजे टोकन स्टँडवर परत देऊन रद्द करणं. आणि तुम्ही रविवारी कुकीज उडवल्या म्हणजे टोकन कचऱ्यात टाकलं, तुमच्या टेबलावरून गेलं हे बरं, पण स्टँडच्या वहीत ते अजून चालू असू शकतं. म्हणून गिऱ्हाइकाने लॉगआउट करणं हेच सगळ्यात पक्कं, बाकी सगळं त्याच्या खालोखाल.

बँकेचं पण तेच. "हा ओळखीचा कॉम्प्युटर" हीसुद्धा एक कुकीच असते, ती गेली की तुम्ही अनोळखी. बिलांच्या नोंदी मात्र कुकी नव्हत्या, साइट ब्राउझरमधे स्वतःचा डेटा ठेवतात तो होता. क्रोममधे त्या टिकचं पूर्ण नाव "कुकीज अँड अदर साइट डेटा" आहे, लोक पुढचे शब्द वाचत नाहीत आणि तिथेच नुकसान होतं. त्या नोंदी आता परत येणार नाहीत, कागदावरून नाहीतर गिऱ्हाइकांना विचारून घ्याव्या लागतील.

पासवर्ड आणि नंबर का राहिले? कारण ते कुकीत नसतातच. पासवर्ड आणि ऑटोफिल हे अ‍ॅडव्हान्स्डमधे वेगळ्या टिकवर असतात, तुम्ही वरच्या तीनच घेतल्या.

उपाय: तुमच्या कामासाठी एक प्रोफाइल. वर उजवीकडे गोल चित्र असतं तिथून नवीन प्रोफाइल बनवा, भडक रंग द्या म्हणजे लांबून कळेल. प्रत्येक प्रोफाइलची कुकीज, हिस्टरी, पासवर्ड, बुकमार्क, एक्स्टेन्शन अशी स्वतःची पेटी असते, एकातलं दुसऱ्यात जात नाही. बँक, बिलं, तुमचा मेल फक्त यात, आणि या खिडकीत गिऱ्हाइकाला कधीच बसवायचं नाही, कितीही गर्दी असो.

गिऱ्हाइकांसाठी गेस्ट मोड, त्याच गोल चित्राच्या मेनूत आहे. इन्कॉग्निटो नको. इन्कॉग्निटो तुमच्याच प्रोफाइलमधून उघडतो, त्यात तुमचे बुकमार्क दिसतात आणि सेव्ह केलेले पासवर्ड पण तो भरायला पुढे करतो. गेस्टला तुमचं काहीच दिसत नाही आणि बंद केलं की त्याच्या कुकीज, हिस्टरी सगळं जातं. फक्त एक लक्षात ठेवा, गेस्टच्या जेवढ्या खिडक्या उघड्या असतील त्या सगळ्यांची पेटी एकच असते. एक खिडकी मागे लपून राहिली असेल तर पहिल्याचं लॉगिन दुसऱ्याला मिळणार. दर गिऱ्हाइकानंतर सगळ्या बंद, मग नवीन.

अजून एक सेटिंग, सेटिंग्जमधे "अलाउ क्रोम साइन इन" म्हणून आहे ते गिऱ्हाइकांच्या कॉम्प्युटरवर बंद करा. नाहीतर कोणी मेल उघडताना चुकून ब्राउझरलाच साइन इन होतो आणि त्याने सिंक (आपल्या सगळ्या मशीनवरचा डेटा एकसारखा ठेवणं) चालू केलं की त्याच्या घरचे पासवर्ड तुमच्या दुकानात उतरतात.


लॅबताई_ग्वाल्हेर
बुधवार, दुपारी 2:10

वरचं सगळं बरोबर आहे, टोकनचं उदाहरण मी उद्या वर्गात वापरणार. पण एका गोष्टीवर मी सहमत नाही. मी लश्करला एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळते, बरीच वर्षं, आणि अनुभवाने सांगते की क्रोमचं प्रोफाइल हे कुलूप नाही, पडदा आहे. त्याला पासवर्ड नसतो. कोणीही त्या गोल चित्रावर क्लिक करून तुमच्या प्रोफाइलमधे शिरू शकतो. मुद्दाम नाही, चुकूनही शिरेल, मुलं तर उत्सुकतेने शिरतात.

म्हणून विंडोजमधेच वेगळा यूजर बनवा. तुमचा अकाउंट पासवर्डचा, आणि "ग्राहक" नावाचा साधा लोकल अकाउंट, अ‍ॅडमिन हक्क नसलेला. गिऱ्हाईक त्यातच बसेल, त्याला तुमच्या फायली, तुमचा ब्राउझर, काहीच उघडता येणार नाही, आणि कुठलं सॉफ्टवेअर टाकायला गेला तर तुमचा पासवर्ड मागेल. तुम्हाला यायचं असेल तर विंडोज आणि एल दाबून आपल्या अकाउंटमधे या, दोन सेकंदाचं काम.

त्या ग्राहक अकाउंटमधे क्रोमचा शॉर्टकट असा करा की उघडला की गेस्टच उघडेल. शॉर्टकटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टार्गेटच्या खान्यात जे लिहिलंय त्याच्या शेवटी अवतरणचिन्हाच्या बाहेर एक स्पेस, मग दोन डॅश आणि त्यांना चिकटून इंग्रजीत गेस्ट. आमच्या लॅबला असंच आहे. मुलांना सांगत बसावं लागत नाही.

आता खरी गोष्ट, जी कोणी बोललं नाही. कुकीजच्या मागे लागलात पण तुमचा डाउनलोड फोल्डर उघडून बघा. गेस्ट बंद केला की कुकीज जातात, डाउनलोड केलेली फाइल तिथेच राहते! आधार कार्ड, मार्कशीट, जातीचा दाखला, पासबुकचं पहिलं पान, सगळं नावासकट. आमच्याकडे एकदा एका मशीनवर मुलांची एवढी कागदपत्रं जमलेली निघाली की मी लॅब दिवसभर बंद ठेवून एकेक मशीन साफ केलं होतं. तिथे मेल उघडा राहण्यापेक्षा जास्त धोका आहे, कारण मेल कधीतरी लॉगआउट होतो, पीडीएफ होत नाही.

विंडोजच्या सेटिंग्जमधे सिस्टम, स्टोरेज, तिथे स्टोरेज सेन्स आहे. ते चालू करून रोज चालेल असं ठेवा, डाउनलोडमधली फाइल 1 दिवस उघडली नाही तर काढ आणि रिसायकल बिनमधली पण 1 दिवसाने काढ असं लावता येतं. ते पाठराखणीला. मुख्य म्हणजे प्रिंट निघाली की गिऱ्हाइकासमोर शिफ्ट डिलीट, त्याला दिसलं पाहिजे. डिजिटल डेटाचा 2023 चा कायदा आहे, नियम नोव्हेंबर 2025 मधे आले, त्याचाही मूळ विचार हाच आहे की ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम झालं की ती पुसा. कायदा बाजूला ठेवला तरी दुसऱ्याच्या लेकीचं आधार आपल्या मशीनवर रात्रभर का राहावं?

आणि व्हॉट्सअ‍ॅप वेब. पोरं फोनमधून फाइल काढायला हमखास ते उघडतात आणि तसंच सोडून जातात. त्यासाठी दुकानाचा एक मेल आयडी भिंतीवर लावा नाहीतर केबलने घ्या, पण व्हॉट्सअ‍ॅप वेब शक्यतो टाळाच.


दांडियाबाजार_काका
बुधवार, सायंकाळी 6:30

मी बडोद्याचा, दांडिया बाजारात राहतो, निवृत्त. दुकानदार बंधूंनी एवढी काळजी घेतली हे वाचून फार बरं वाटलं, कारण आम्ही टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसणारे लोक. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला मी अशाच एका दुकानात जातो, जीवन प्रमाण 2014 पासून ऑनलाइन झालं तेव्हापासून ट्रेझरीत रांग लावावी लागत नाही हे खरं, पण तिथे तो मुलगा भराभर काय काय उघडतो ते मला कळत नाही, मागच्या वेळेला त्याने माझा मेल पण उघडायला लावला होता आणि मी तो बंद केला की नाही हे आता मला आठवत नाही, तर घरी बसून हे बघता येईल का की माझा मेल कुठे उघडा आहे, का पुन्हा त्या दुकानात जाऊनच बघावं लागेल?

दुसरं, माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर उजव्या कोपऱ्यात सारखं लाल चौकोन येतो, तुमच्या कॉम्प्युटरमधे 5 व्हायरस सापडले, इथे दाबा. मी दाबलेलं नाही. कुकीज साफ केल्या तर जाईल का?


सुपर_कॉरिडॉर
बुधवार, रात्री 9:15

काका, घरी बसून होतं. मेल गूगलचा असेल तर फोनमधे गूगल अकाउंट उघडा, सिक्युरिटीमधे "युअर डिव्हायसेस" आहे. कुठकुठल्या मशीनवर तुमचं लॉगिन चालू आहे त्याची यादी दिसेल, गाव आणि तारखेसकट. जे ओळखीचं नाही त्यावर दाबून साइन आउट. म्हणजे टोकन हरवलं तरी स्टँडवाल्याला फोन करून रद्द करायला सांगणं. शंका असेल तर पासवर्डही बदला. व्हॉट्सअ‍ॅपचं पण असंच, लिंक्ड डिव्हायसेसमधे जाऊन नको ते लॉगआउट. आणि तुम्ही दाबलं नाहीत हे फार चांगलं केलंत.

तो लाल चौकोन कुकी नाही आणि व्हायरस पण नाही. कधीतरी एखाद्या साइटने नोटिफिकेशन पाठवू का विचारलं आणि अलाउवर बोट पडलं, ती साइट आता भीती दाखवते. क्रोमच्या सेटिंग्जमधे प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथे अलाउच्या यादीतून अनोळखी नावं काढून टाका. लगेच बंद होईल.

लॅबताई, तुमचं बरोबर आहे, विंडोजचा वेगळा यूजर हाच पक्का मार्ग, माझं म्हणणं मी मागे घेतो. डाउनलोडचं तर माझ्याही डोक्यातून गेलं होतं.

आणि दादा, एक नाजूक गोष्ट विचारतो, राग मानू नका. पासपोर्ट फोटोचं किंवा पीडीएफचं एखादं क्रॅक, म्हणजे पैसे न भरता कुलूप तोडून वापरलेलं, सॉफ्टवेअर टाकलेलं आहे का? अशा क्रॅकमधून जे चोर येतात ते आजकाल पासवर्डच्या आधी कुकीज उचलतात. टोकनच हातात असेल तर त्यांना पासवर्ड पण नको आणि ओटीपी पण नको. क्रोमने जुलै 2024 पासून विंडोजवर कुकीज जास्त घट्ट कुलपात ठेवायला सुरुवात केली, तरी ज्या मशीनवर चोर आत बसलाय तिथे कुठलंच कुलूप पूर्ण पुरत नाही. विंडोज 10 असेल तर त्याचाही सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, ते बघा. बँकेचं काम अशा मशीनवर करू नका.


पोहेजलेबी_56
बुधवार, रात्री 10:40

मधेच विचारतो. सेटिंग्जमधे थर्ड पार्टी कुकीज ब्लॉक करा असं पण दिसतं, ते केलं तर गिऱ्हाइकांचा प्रश्न सुटणार नाही का? मी ऐकलं होतं की गूगल त्या कायमच्या बंद करणार होतं. आणि ब्लॉक केल्या तर फॉर्म अडकतील का? माझा भाऊ म्हणतो त्याने केलं तर पेमेंटचं पान उघडेना.


सुपर_कॉरिडॉर
गुरुवार, सकाळी 8:05

नाही भिया, तो वेगळा प्रश्न आहे, पण चांगला विचारलास. दुकानात काळजी आहे एका गिऱ्हाइकाचं दुसऱ्याला दिसण्याची. थर्ड पार्टीची भानगड म्हणजे कंपन्यांनी आपल्यावर लक्ष ठेवायची.

परत स्टँडवरच या. समज खजराना, बडा गणपती, रणजीत हनुमान, अन्नपूर्णा, चारही ठिकाणी एकाच ठेकेदाराचा स्टँड आहे आणि तो सगळीकडे तेच टोकन ओळखतो. तुला वाटतं तू चार वेगळ्या मंदिरात गेलास, त्याच्या वहीत मात्र एकाच माणसाच्या चार फेऱ्या आहेत. जाहिरातवाल्यांची कुकी अशीच, बातमीच्या साइटवर पण तीच, चपलांच्या दुकानाच्या साइटवर पण तीच. म्हणून एका ठिकाणी काही बघितलं की दुसरीकडे तेच मागे लागतं.

सफारीने मार्च 2020 पासून या कुकीज सरसकट बंद केल्या. फायरफॉक्सने 2019 मधे ओळखीचे माग काढणारे अडवले आणि जून 2022 पासून डेस्कटॉपवर सगळ्यांना प्रत्येक साइटची बरणीच वेगळी करून दिली, म्हणजे ठेकेदाराला चारही ठिकाणी वेगळंच टोकन द्यावं लागतं. गूगलने जानेवारी 2020 मधे सांगितलं दोन वर्षांत काढू, मग पुढे ढकललं, पुन्हा ढकललं, 2024 च्या सुरुवातीला 1 टक्का लोकांवर बंद करून बघितलं आणि जुलै 2024 मधे बेतच सोडला. त्यामुळे साध्या क्रोममधे त्या अजून चालू आहेत, स्वतः बंद कराव्या लागतात. इन्कॉग्निटोत मात्र आपोआप बंद असतात. पण इन्कॉग्निटो म्हणजे कोणालाच काही दिसत नाही असं नाही, साइटला, नेट देणाऱ्याला, ऑफिसच्या नेटवर्कला दिसतंच. 2020 मधे अमेरिकेत यावरूनच गूगलवर खटला झाला आणि 2024 मधे समझोता करून त्यांनी तो जमवलेला डेटा नष्ट करायचं मान्य केलं.

मी घरी ब्लॉक करूनच वापरतो, अडचण क्वचित येते. एखाद्या फॉर्मचं पेमेंट दुसऱ्या साइटच्या चौकटीत उघडत असेल तर तिथे अडकू शकतं, तुझ्या भावाचं तेच झालं असणार. तेवढ्या साइटला अपवादाच्या यादीत टाकायचं, सगळं परत उघडं करायची गरज नाही. दादांच्या दुकानात मात्र मी हे आत्ताच लावणार नाही. शेवटच्या तारखेला रात्री अकराला मुलाची फी अडकली तर त्याचं वर्ष जाईल.

ज्याला थोडं शिकायची तयारी आहे त्याने घरी फायरफॉक्स घेऊन त्याचं मल्टी अकाउंट कंटेनर्स हे एक्स्टेन्शन बघावं. एकाच खिडकीत टॅबना रंग देता येतात, निळ्यात बँक, हिरव्यात घर, आणि प्रत्येक रंगाच्या कुकीज वेगळ्या. एकाच साइटवर दोन लॉगिन शेजारी शेजारी चालतात. मला तर प्रोफाइलपेक्षा हे जास्त आवडतं.


झेरॉक्सवाला_इंदूर
शनिवार, रात्री 11:50

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन रात्री बसून केलं ते सांगतो, म्हणजे माझ्यासारखा दुसरा कोणी दुकानदार वाचत असेल तर त्याला उपयोग होईल.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही मशीनवर ग्राहक अकाउंट केला, शॉर्टकट गेस्टचा केला. पहिल्यांदा डॅश एकच दिला होता म्हणून चालेना, मग लक्षात आलं. माझा अकाउंट पासवर्डचा. डाउनलोड फोल्डर उघडला आणि ताई, तुम्ही म्हणालात तसंच, मागच्या नवरात्रापासूनच्या फायली होत्या. मोजल्या नाहीत. सगळ्या काढल्या, बिन रिकामा केला, स्टोरेज सेन्स 1 दिवसावर लावलं.

दादा, राग कसला. फोटोचं एक सॉफ्टवेअर होतं तसंच, एका ओळखीच्याने टाकून दिलेलं. काढलं. पण नुसतं काढून मन भरलं नाही म्हणून माझं मशीन फॉरमॅट करून घेतलं, विंडोज 11 त्याच्यावर चाललं. दुसरं मशीन जुनं आहे, त्याच्यावर 11 जात नाही, तोपर्यंत त्यावर फक्त प्रिंट आणि स्कॅन, कोणाचंही लॉगिन नाही. बँकेचं लॉगिन मी घरच्या लॅपटॉपवर नेलं आणि ओटीपीसाठी बाबांचा नंबर बदलून माझा करायचा अर्ज दिलाय.

उधारीचं असं झालं की मंगळवारपासून गिऱ्हाइकांना मीच विचारलं, बहुतेकांनी स्वतःहून सांगितलं माझे इतके बाकी होते. एका मुलाने तर मी विसरलेले चाळीस रुपये आणून दिले.

आता 63 पासवर्डचं. पुसून टाकायचे हे ठरलंच आहे पण ज्यांचे आहेत त्यांना सांगायला हवं ना? त्यातले दहा बारा नेहमीचे आहेत, आयडीवरून ओळखू आले. बाकीच्यांना मेल पाठवावा का? अनोळखी मेल बघून ते अजून घाबरतील असं वाटतं.


लॅबताई_ग्वाल्हेर
रविवार, सकाळी 9:00

मेल पाठवू नका. "तुमचा पासवर्ड आमच्याकडे आहे" असा मेल आला तर कोणालाही तो फसवणुकीचाच वाटेल, आणि तुम्ही त्या यादीतून पत्ते उतरवून घेणं हेही योग्य नाही. नेहमीचे आहेत त्यांना समोर आले की तोंडी सांगा, पासवर्ड बदलून घ्या म्हणून. बाकीच्यांसाठी काउंटरवर कागद लावा, हिंदीत, मोठ्या अक्षरात, की अमुक महिन्याआधी इथे लॉगिन केलं असेल तर पासवर्ड बदला आणि सगळ्या मशीनवरून साइन आउट करा, कसं करायचं ते आम्ही दाखवतो. लाज वाटून घेऊ नका त्यात. पुसताना एकेक पुसत बसू नका, अ‍ॅडव्हान्स्डमधे पासवर्ड आणि ऑटोफिल फॉर्म डेटा या दोन टिक, ऑल टाइम, बाकी टिक काढून. ते पुसण्याआधी तुमचे स्वतःचे त्यात असतील तर आधी वहीत उतरवा, नाहीतर परत सोमवारसारखं होईल. आणि सेटिंग्जमधे पासवर्ड सेव्ह करू का हा प्रश्नच बंद करून ठेवा.


झेरॉक्सवाला_इंदूर
सोमवार, रात्री 10:30

झालं ताई. माझे चार होते ते वहीत लिहिले, मग दोन टिक, क्लिअर. मोबाइलच्या खान्यात क्लिक करून बघितलं, खाली काहीच उघडत नाही आता. कागद पण लावला, मुलीने अक्षर काढून दिलं.

ती मार्कशीटवाली मुलगी आज दुपारी आली होती, अ‍ॅडमिट कार्ड काढायला. मी तिला सगळं सांगितलं, मेल उघडा राहिला होता, कोणी बघितला, मी काय केलं. ती आधी गप्प झाली. मग तिथेच उभ्या उभ्या फोन काढून म्हणाली, भैया, वो डिव्हाइस वाली लिस्ट कहाँ मिलेगी. दाखवली. तीन मशीन निघाली, एक आमचं, एक तिच्या गावच्या सायबर कॅफेचं, एक कुठलं ते तिलाही आठवेना. तिन्हीवरून साइन आउट केलं, पासवर्ड बदलला आणि मग गेस्टमधे बसून अ‍ॅडमिट कार्ड काढलं. जाताना खिडकी बंद केली का म्हणून दोनदा मागे वळून बघितलं तिने.

काका, तुम्ही तुमची यादी बघितलीत का?


दांडियाबाजार_काका
मंगळवार, सकाळी 6:50

बघितली. त्या दुकानाचं मशीन निघालं, नोव्हेंबरापासून चालूच होतं. नातवाला न बोलावता माझं मीच काढलं, आणि लाल चौकोन पण गेला.